पुराव्यादाखल जावयाचा कान

माझ्या बहिणीच्या लग्नात फोटो काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. पुढे विलायतेत एका साहेबानं आमच्या जावयाला समोर बसवून, दार लावून, हळू आवाजात जे काही विचारलं, त्याचं मूळ इथं आहे.

गोष्ट बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची. आमचं गाव नेरपासून बैलगाडीनं दोन तासांवर. वडील गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष मी, आणि मास्तर सोडले तर गावात इंग्रजी जाणणाराही मीच. (मॅट्रिक तिसऱ्या खेपेला झालो, पण इंग्रजीत पहिल्याच खेपेला सुटलो होतो. अडायचो ते गणितात.) धाकटी बहीण विमल हिचं लग्न बाभुळगावकडच्या भास्कररावांशी ठरलं. मुलगा कापडगिरणीचं शिक्षण घेतलेला, स्वभावानं शांत, डोक्याला चापून तेल, आणि बोलणं असं हळू की त्यांनी मीठ मागितलं तरी वाटावं गुपित सांगताहेत. असा जावई मिळाल्यावर आठवणीला चार फोटो नकोत? नेरच्या कापूस बाजारात माझा एक दोस्त होता, त्याच्याकडे डबा कॅमेरा होता. तो मी मागून आणला.

"तुले येते का रे त्याच्यातलं काही?" मायनं विचारलं.

"त्यात यायचं काय आहे? डोळा लावायचा, खटका दाबायचा."

डोळा मी बरोबर लावला होता. अंगठा कुठं ठेवायचा तेवढं विचारायचं राहिलं.

बारा फोटोंचा रोल. त्यातल्या अकरांत माझा अंगठा आला! कुठं अंगठ्यामागून मांडवाचा खांब डोकावतोय, कुठं पंगतीतल्या कोणाची तरी अर्धी मिशी. सप्तपदीच्या फोटोत तर अंगठा इतका ऐसपैस पसरला होता, की नेरचा फोटो धुणारा तो उजेडाकडे धरून म्हणाला, "हा डोंगर कुठचा जी?"

बारावा फोटो मात्र झकास निघाला. कारण तो मी काढला नव्हता.

त्याचं असं झालं. आमच्याकडे लाह्यांचा होम झाला की नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट नांदव, हे त्या कानाला बजावायचं, आणि नवरदेवानं काहीतरी द्यायचं कबूल केल्याबिगर कान सोडायचा नाही, अशी रीत. आता कान माझ्या हातात म्हटल्यावर कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देणं आलं. जवळ बँडातला क्लॅरोनेटवाला उभा होता. त्याच्या गळ्यात मी कॅमेरा अडकवला आणि भास्कररावांचा कान धरला.

"टोपी देतो, भाऊ," भास्करराव हळूच म्हणाले.

"घड्याळ."

"टोपी आन् उपरणं?"

"घड्याळ!" मी पीळ वाढवला.

"अजी भाऊ, तुटन ना तो! देतो! विलायतेले चाललो मी नोकरीवर, तिथून धाडतो!"

नेमका त्याच क्षणी क्लॅरोनेटवाल्यानं खटका दाबला. माणूस सुरात पक्का; वेळ साधली!

त्या फोटोत काय काय होतं ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढं ते एका परक्या सरकारनं फार बारकाईनं पाहिलं. मधोमध मी. फेटा एका कानावर, दात ओठांवर, उजव्या हातात जावयाचा कान. जावई पाटावरून अर्धे उठलेले, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. बाजूला विमल, पदरानं डोळे पुसताना. (होमाचा धूर. दुसरं काही नाही.) आणि आम्हा तिघांच्या मागे आमचे गणूकाका, हातात तेल पाजलेली काठी घेऊन ताठ उभे. पंगतीत कुत्री शिरू नयेत म्हणून काकांनी सकाळपासून ती काठी हातातून खाली ठेवली नव्हती. पण कुत्री फोटोत नव्हती. काठीच तेवढी होती.

मला तो फोटो इतका आवडला की मी त्याच्या दोन प्रती काढून घेतल्या आणि एक चौकट करून ओसरीत टांगली.

चार महिन्यांनी भास्करराव खरोखरच विलायतेला गेले, एका सूतगिरणीत. वर्षभरात बायकोला बोलावतो म्हणाले. वर्ष गेलं, दुसरं निम्मं सरलं. विमल कधी सासरी, कधी आमच्याकडे. जावयाचं पत्र दोन-तीन महिन्यांतून एक यायचं, तेही 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' एवढंच. पत्र आलं की मी ओसरीत बसून मोठ्यानं वाचायचो. घरचे, शेजारचे, वाटेनं जाणारे, सगळे ऐकायचे. मजकूर फारच थोडा असला तर मी पदरचं स्पष्टीकरण घालून तो वाढवायचो.

"एवढंच?" शेजारची सखूबाई विचारायची. "बायकोसाठी एक अक्षर नाई? तिकडं मड्डम ठेवली असन मंग."

विमल उठायची आणि मास्तरीणबाईंकडे विणकाम शिकायला निघून जायची. शाळामास्तरांच्या घरी ती आठवड्यातून एकदा तरी जायचीच. दीड वर्ष विणकाम शिकत होती. घरात अजून एक पायमोजासुद्धा आला नव्हता. पण मला वाटलं, पोरीचं मन रमतंय, रमू दे.

आणि एके दिवशी भास्कररावांचं लांबलचक पत्र आलं. विमलचा पासपोर्ट ते जाण्याआधी स्वतः काढून गेले होते, म्हणून तो निघाला होता. आता बाकीचे कागद हवे होते. लग्न झाल्याचा दाखला, तो नसेल तर प्रतिज्ञापत्र, सोबत लग्नातला फोटो, आणि एक छापील अर्ज. हे सगळं मुंबईला विलायतेच्या कचेरीत पाठवायचं. अक्षयतृतीयेनंतरच्या बोटीवर तिची जागा धरली होती. ती बोट चुकली तर सारं पावसाळ्यापलीकडे.

"दादा," विमल म्हणाली, "मास्तरांकडून लिहून घेऊ का? त्यायले बी इंग्रजी येते."

"मास्तरांकडून? घरात मॅट्रिक माणूस बसला असताना?"

"तसं नाई रे. तू फोटो काढले होते ना, म्हणून म्हटलं."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माणसानं एकदा अंगठा मधे आणला म्हणून आयुष्यभर तेच का?

लग्नाचा दाखला म्हणून आमच्या गावात काही चीज असते हे कोणाला ठाऊकच नव्हतं. सहाशे माणूस जेवून गेला, आणखी दाखला कसला? तेव्हा प्रतिज्ञापत्र करायला मी यवतमाळला गेलो. कचेरीसमोर कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. त्यांनी दहा ओळींत काम उरकलं. अमुक दिवशी, अमुक गावी, हिंदू रीतीनं लग्न झालं, खाली सही.

"एवढंच?" मी सखूबाईसारखाच म्हणालो. "फोटोत कोण काय करून राह्यलं, ते नको का लिहायला?"

"फोटोत नवरा-नवरी हायेत ना?"

"हायेत."

"मंग झालं. साहेबाले डोळे असतात, भाऊ. जास्त लिहू नका. लिहिलं की इचारतेत."

चाळीस वर्षं त्या झाडाखाली बसलेल्या माणसाचा हा सल्ला मी ऐकला, मान हलवली आणि घरी येऊन फोटोच्या दुसऱ्या प्रतीमागं जागा पुरेना इतकं लिहिलं! साहेब परक्या मुलखातला. त्याला आमच्या रीती काय कळणार? म्हणून फोटोवर शाईनं आकडे घातले, आणि मागे प्रत्येक आकड्याचा खुलासा माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत. तो मराठीत साधारण असा होता:

'क्रमांक एक, नवरीचा भाऊ (मी). नवऱ्याचा कान पिळत आहे. क्रमांक दोन, नवरा. कबूल होत आहे. क्रमांक तीन, नवरी. रीतीप्रमाणे रडत आहे. क्रमांक चार, काका, काठीसह. कबूल होईपर्यंत सोडत नाहीत.'

घड्याळाचा उल्लेख मी मुद्दाम गाळला. हावरटपणा दिसायला नको!

मग छापील अर्ज. त्यात एक रकाना होता: नवराबायकोचा पत्रव्यवहार आहे काय, असल्यास पत्रं जोडावीत. त्या दोन ओळींची खुशालीची पत्रं कुठं जोडायची? मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं. विमल समोरच भाकरी थापत होती. तिला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. पाकिटाला खळ लावली आणि नेरला जाऊन रजिस्टर करून आलो.

तीन आठवड्यांनी मुंबईहून उत्तर आलं. जाड पाकीट, वर मोहोर. पोस्टमन ते घेऊन ओसरीत आला तेव्हा त्याच्या मागे निम्मं गाव होतं. मी चष्मा पुसला, खाकरलो आणि नेहमीसारखं वाचून जागच्या जागी मराठी करायला घेतलं.

"साहेब म्हणतात, तुमचे कागद पोचले. आभारी आहे. पाहा, साहेब आभार मानतात!... फोटो आम्ही काळजीपूर्वक पाहिला. त्यावरून असं दिसतं, की हे लग्न... हे लग्न नवऱ्याच्या..."

"थांबला काहून?" गणूकाका म्हणाले.

"...नवऱ्याच्या खुशीनं झालं किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. तसंच क्रमांक एकचा मारहाण करणारा इसम..."

पुढचं वाक्य मी मनात वाचलं. पण ओसरीतल्या झाडून सगळ्या माना भिंतीकडे वळल्या होत्या. तिथं चौकटीत क्रमांक एकचा इसम दात-ओठ खात उभा होता.

"क्रमांक चारबद्दल बी काही लिवलं असन ना?" काकांनी उत्सुकतेनं विचारलं.

लिहिलं होतं. काठीबद्दल स्वतंत्र परिच्छेद होता! शेवटी असंही होतं, की अर्जदार बाईंनी लग्नाच्या एका साक्षीदारासह स्वतः मुंबईला हजर व्हावं.

त्याच आठवड्यात भास्कररावांचंही पत्र आलं. ते मी कधी नव्हे ते मनात वाचलं. त्यांनाही तिकडे कोणीतरी बोलावून घेतलं होतं. 'साहेबानं दार लावलं, चहा पाजला आणि म्हणाला, भिऊ नका, मनमोकळं सांगा, इथं तुम्हाला कोणी हात लावणार नाही. भाऊ, तुम्ही त्यांना असं काय लिहिलंत? घड्याळ मी विसरलो नाही. पण आता घड्याळाचं नाव काढलं की कान ठणकतो.'

दुसऱ्या दिवशी सखूबाईनं नवी बातमी आणली. म्हणजे ती आमच्याच घरची होती. पण आमच्याकडे येईपर्यंत वाढली होती. दिगूनं (म्हणजे मी) जवायाले खांबाले बांधून लगन लावलं, तो जीव घेऊन विलायतेले पळाला, आन् आता पोट्टीले कायले बलावते!

त्या दिवसापासून विमल माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. एकदा मी म्हटलं, "विमे, मी मुद्दाम केलं का वं?" तर चुलीतलं लाकूड पुढं सारत ती एवढंच म्हणाली, "बोट बावीस दिवसांवर आली, दादा." रडली असती तर बरं झालं असतं.

साक्षीदार म्हणून गणूकाका निघाले. काठी घेऊन.

"काका, काठी राहू द्या," मी हात जोडले.

"काहून? फोटोत हाये ना माह्या हातात? साहेबानं वळखलं नाई तर?"

बडनेऱ्यापर्यंत बस, पुढं रेल्वे. मी वाटेत तीनदा समजावलं, की साहेबानं जबरदस्ती झाली का असं विचारलं तर नाही म्हणायचं, बस. काका तीनदा हो म्हणाले. विमल खिडकीशी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. पिशवीत काय आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "विणकाम."

कचेरीत साहेब टेबलामागे बसले होते. वयस्क, सभ्य, पिकल्या भुवयांचे. शेजारी कोट घातलेले एक मराठी दुभाषी. टेबलावर माझा फोटो. साहेबांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि खुर्ची इंचभर मागे घेतली. मग काकांची काठी पाहिली, आणि आणखी इंचभर घेतली.

दुभाषी म्हणाले, "आजोबा, साहेब विचारताहेत, या लग्नात मुलावर काही जबरदस्ती झाली होती का?"

"नाई!" काका गरजले. मी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धाच सुटला, कारण काकांचं बोलणं संपलं नव्हतं. "जबरदस्ती कायची? कान त पिळाच लागते! माहा पिळला, याच्या बापाचा पिळला. कान पिळल्याबिगर आमच्यात कोणाचंच लगन झालं नाई, साहेब!"

दुभाष्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं असावं. साहेब कागदावर काहीतरी लिहू लागले, आणि बरंच लिहू लागले.

"तसं नाही!" मी मधे पडलो. "ती गमतीची रीत आहे. काही लागत नाही त्याला. काका, करून दाखवा!"

हे वाक्य मी का बोललो हे मला आजही सांगता येत नाही. काकांनी काठी विमलच्या हातात दिली, बाही सावरली आणि माझा कान धरला. सत्तरीचा माणूस, पण जन्मभर बैलांच्या वेसणी आवळलेली बोटं! पहिल्याच पिळात मी खुर्चीवरून अर्धा उठलो, तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोतल्या क्रमांक दोनकडे. हुबेहूब!

"काका, सोडा!"

"काही कबूल कर, मंग सोडतो. रीत हाये."

"काय कबूल करू?"

"माह्या कागदांचं आता मले बोलू दे, हे कबूल कर," विमल म्हणाली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी इतकं बोलली होती. मी कबूल केलं. काकांनी कान सोडला.

विमलनं काठी भिंतीला टेकवली, पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून एक गठ्ठा काढला. निळी विलायती पत्रं! शंभराला चार-दोन कमी असतील. लग्नातल्या मुंडावळीच्या दोऱ्यानं बांधलेली. प्रत्येकावर भास्कररावांचं बारीक अक्षर, आणि पत्ता: द्वारा मास्तरीणबाई.

दीड वर्षाचं विणकाम!

"हे काय?" दुभाषी म्हणाले. "अर्जात तर पत्रव्यवहार 'नाही' असं लिहिलंय."

"दादानं लिवलं ते. मले कोणी विचारलं नाई."

"विमे," मी कान चोळत म्हणालो, "घरच्या पत्त्यावर का नाही मागवलीस?"

"तू ओसरीत मोठ्यानं वाचतं म्हणून."

दुभाष्यांनी मधलंच एक पत्र काढलं, चष्मा लावला आणि साहेबांसाठी इंग्रजी करायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि ते अडखळले. चौथ्या ओळीला त्यांचे कान लाल झाले. (त्यांचे कोणी पिळले नव्हते.) काकांनी "काय लिवलं जी?" म्हणून मान पुढं केली, तेव्हा त्यांनी घाईनं पत्राची घडी घातली आणि साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब पहिल्यांदाच हसले. लेखणी उचलली, आधीचं लिहिलेलं सगळं आडव्या रेघेनं खोडलं आणि शिक्का मागवला.

"साहेब म्हणताहेत," दुभाषी विमलला म्हणाले, "जबरदस्तीनं लग्न लावलेला नवरा असं लिहीत नाही. बाई, तुम्ही खुशाल जा." मग माझ्याकडे वळले. "हा फोटो साहेबांना ठेवून घ्यायचाय. कचेरीत नाही, घरी, बाईसाहेबांना दाखवायला."

अक्षयतृतीया झाली आणि आम्ही पुन्हा मुंबईला आलो, या वेळी बंदरावर. माय होती, काका होते, काठी होती. विमल नव्या लुगड्यात, हातात ट्रंक, आणि ट्रंकेत सगळ्यात वर तो निळा गठ्ठा. मायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. काका शेंबूड आला म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले.  मी तोंड फिरवून पिशवीत हात घातला आणि नेरच्या दोस्ताकडून मुद्दाम मागून आणलेला डबा कॅमेरा बाहेर काढला. अंगठा कुठं ठेवायचा ते या वेळी मी नीट विचारून आलो होतो.

"विमे, उभी राह्य तिथं. जाता जाता एक फोटो काढतो तुझा."

ती शिडीच्या पहिल्या पायरीवर होती. वळली, कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"राहू दे, दादा. मले वापस बी यायचं हाये."